नांदूर मध्यमेश्वर: रंगीत पाणलावा शोधणाऱ्याला इथली सेवा कितपत उपयोगी पडते?

नाशिकपासून साधारण 40 किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वरचे अभयारण्य आहे, आणि हिवाळ्यात तिथे जाऊन आलेले बहुतेक जण बदकांचे किती मोठे थवे पाहिले तेच सांगतात. माझे काम निराळे होते. मला रंगीत पाणलावा हा एकच पक्षी निवांतपणे आणि चांगल्या उजेडात पाहायचा होता, आणि त्यासाठी मी चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर बसलो, भाड्याचा स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) वापरला आणि एका स्थानिक मार्गदर्शकाला सोबत घेतले. या तिन्हींवर खर्च केलेला वेळ आणि पैसा कुठे सार्थकी लागला आणि कुठे वाया गेला, एवढाच या लेखाचा विषय आहे. मुलाबाळांना घेऊन रविवारची सहल काढणाऱ्यांचा हिशेब वेगळा असेल आणि तो बहुधा माझ्या हिशेबाच्या नेमका उलटा निघेल.

आधी पक्ष्याविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण त्याच्या सवयी कळल्याशिवाय सेवेचे मोल ठरवता येत नाही. रंगीत पाणलावा हा चिखलात चोच खुपसून किडे, गोगलगायी आणि गवताचे बी टिपणारा, लाव्याहून मोठा पण तित्तिराहून लहान असा पक्षी आहे. तो आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत आढळतो, आपल्याकडे बारा महिने राहतो आणि जगाच्या पातळीवर त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होत नाही. तरीही वर्षानुवर्षे पाणथळ जागी हिंडणाऱ्यांच्या वहीत त्याची नोंद क्वचितच सापडते, कारण दिवसभर तो पाणकणसाच्या गर्दीत गप्प बसून राहतो, दिवस उजाडताना आणि मावळताना उघड्या चिखलावर येतो, आणि धोका जाणवला तर उडून जाण्याऐवजी जागच्या जागी थिजतो. याच्या घरातला कारभारही उलटा आहे. मादी आकाराने मोठी, मान आणि छाती गर्द विटकरी रंगाची. नर मात्र फिकट, पंखांवर सोनेरी ठिपके असलेला. मादी एका हंगामात एकापेक्षा अधिक नरांशी जोडी जमवते, अंडी घालते आणि निघून जाते. अंडी उबवण्याचे आणि पिल्ले हिंडवण्याचे काम नराकडे असते. साध्या पाणलाव्याशी तो दिसायला जुळत असला तरी दोघांची कुळे वेगळी आहेत, आणि रंगीत पाणलाव्याचे जवळचे नाते कमळपक्ष्यांशी आहे.

अशा पक्ष्याला लागणारी जागा नांदूर मध्यमेश्वरला भरपूर आहे, आणि ती तयार झाली आहे गाळामुळे. ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, गोदावरीवर इथे बंधारा बांधला गेला आणि त्यातून डावा व उजवा असे दोन कालवे काढले गेले. त्या बंधाऱ्यामागे शंभर वर्षांहून अधिक काळ गाळ साठत गेला, पाण्यात बेटे आणि उथळ डबकी तयार झाली, त्यांवर पाणकणीस आणि लव्हाळा माजला, आणि पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने जे नुकसान होते ते पक्ष्यांच्या पथ्यावर पडले. 1986 मध्ये सुमारे 100 चौरस किलोमीटर क्षेत्राला अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि 2019 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून याची नोंद झाली. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानावरून दिलेले ‘महाराष्ट्राचे भरतपूर’ हे बिरुद मात्र मला फारसे रुचत नाही. दोन्हीकडचे पाणी वेगळे आणि भोवतीची शेतीही वेगळी.

मुद्दा असा की इथली पाण्याची पातळी पक्ष्यांकडे पाहून ठरत नाही. वरच्या अंगाला दारणा, गंगापूर, मुकणे अशी धरणे आहेत. तिथून कालव्यांसाठी आवर्तन, म्हणजे शेतीच्या पाण्याची पाळी, सुटले की बंधाऱ्यातले पाणी चढते, आदल्या दिवशी उघडा पडलेला चिखल बुडून जातो आणि चिखलावर चरणारे सगळे पक्षी काठाकडे किंवा शेजारच्या शेतातल्या डबक्यांकडे सरकतात. आवर्तन संपून पाणी उतरू लागले की ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते, आणि शोधायला सर्वांत चांगले दिवस तेच. ही माहिती कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते. वर्तमानपत्रात आवर्तनाच्या बातम्या छापून येतात त्या शेतकऱ्यांसाठी असतात. पक्षिनिरीक्षकाने त्या वाचल्या तर त्याचा प्रवास वाचेल, आणि मार्गदर्शकाला निघण्याआधी विचारायचा पहिला प्रश्नही हाच असावा की पाणी चढते आहे की उतरते आहे.

आता मनोऱ्याविषयी. थवे पाहायला येणाऱ्यासाठी चापडगावचा मनोरा उत्तम आहे. वर चढले की तलवार बदके, थापटे, चक्रवाक, हळदी-कुंकू बदके आणि चांदव्यांची काळी गर्दी एका नजरेत येते, जांभळ्या पाणकोंबड्या पायाखालच्या गवतात भांडत असतात, आणि मधूनच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून खालून उडत गेला की सगळे पाणी एकदम फडफडून उठते. पहिल्यांदा येणाऱ्याला ते दृश्य पुष्कळ काळ पुरेल. परंतु माझ्या कामासाठी मनोऱ्याची उंची हीच अडचण होती. रंगीत पाणलावा पाणकणसाच्या बुडाशी, वाळक्या पात्यांच्या सावलीत बसतो, आणि वरून पाहणाऱ्याला त्या पात्यांचे शेंडेच दिसतात. शिवाय मनोऱ्यावर कोणी चढले किंवा उतरले की स्कोपमधली प्रतिमा थरथरते, आणि सुट्टीच्या दिवशी चढ-उतार थांबतच नाही. मनोऱ्याचा मला झालेला खरा उपयोग म्हणजे कुठल्या बाजूला चिखल उघडा आहे आणि कुठे जलपर्णीने सगळे झाकून टाकले आहे याचा अंदाज आला. त्यानंतर खाली उतरणेच शहाणपणाचे ठरले.

जलपर्णीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. गोदावरी नाशिक शहराचे सांडपाणी पोटात घेऊन इथे पोचते आणि त्या खतावर ही तरंगती वनस्पती फोफावते. तिच्या पानांवरून कमळपक्षी आरामात चालतात, म्हणून छायाचित्रांत ती हिरवीगार आणि छान दिसते. पण चिखल्या, टिलवे आणि पाणलावे यांना लागणारा उघडा काठ तीच गिळते. एखाद्या जागेबद्दल ‘गेल्या वर्षी इथे हमखास दिसायचा’ असे कोणी सांगितले, तर तिथे या वर्षी जलपर्णी आहे का, हे विचारल्याशिवाय पहाट खर्ची घालू नये.

स्कोपविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मी वापरलेला स्कोप नाशिकमधल्या एका दुकानातून भाड्याने आणला होता. त्याची भिंगे स्वच्छ होती, पण तिपाईचे डोके ढिले होते, आणि पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात ढिल्या तिपाईवरचा स्कोप म्हणजे नुसते ओझे. भाड्याने घेताना दुकानातच तिपाई पूर्ण उघडून, मान घट्ट करून आणि समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून पाहावी. दूरच्या बदकांसाठी स्कोप हवाच, विशेषतः सकाळी दहाच्या सुमारास पाण्यावर वाफ लवलवू लागण्याआधी. काठावरच्या या पक्ष्यासाठी मात्र 8 गुणिले 42 ची (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण अधिक कामाची आहे, कारण तो दिसला तर जवळच दिसतो, अंधुक उजेडात दिसतो आणि तिपाई हलवायला वेळ देत नाही. ज्यांच्याकडे आधीच बरी दुर्बीण आहे त्यांनी स्कोपचे भाडे वाचवून ते पैसे मार्गदर्शकाला अधिक वेळ थांबवण्यासाठी द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी सेवा मार्गदर्शकाची. वनविभागाकडून प्रशिक्षण घेतलेले आसपासच्या गावांतले तरुण इथे हे काम करतात, आणि त्यांच्यापैकी एकाला मी आदल्या संध्याकाळीच बोलून ठेवले होते. ‘किती जाती दाखवू?’ असा त्याचा पहिला प्रश्न होता, आणि तो साहजिकच म्हणावा लागेल, कारण त्याच्याकडे येणारे बहुतेक जण यादी वाढवायला येतात. एकच पक्षी हवा आहे आणि त्यासाठी एकाच जागी बसायची तयारी आहे, हे समजावून सांगितल्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि मनोऱ्याचा बेत सरळ रद्द केला. मध्यमेश्वराच्या देवळाच्या बाजूचे पाणी चढलेले आहे, पण गव्हाच्या एका शेताला लागून असलेल्या डबक्यात पाटाचे पाणी झिरपते आणि तिथला काठ अजून ओला आहे, हे त्याला ठाऊक होते. शेताच्या मालकाला त्याने रात्रीच फोन केला. परक्या माणसाने भल्या पहाटे कोणाच्या बांधावर जाऊन बसणे गोदाकाठच्या गावांत बरे दिसत नाही, आणि ते सुरक्षितही नाही. या भागातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे. त्यामुळे त्याने मला उजाडण्यापूर्वी निघू दिले नाही. फटफटल्यावरच निघायचे, मोठ्याने बोलत उसाची पट्टी ओलांडायची आणि बांधावर पोचल्यावर तोंड बंद करायचे, असा त्याचा शिरस्ता होता आणि तो मला पटला.

निफाडची थंडी ज्यांना केवळ बातमीतून माहीत आहे त्यांनी ती बांधावर बसून अनुभवावी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदवलेले तापमान दर हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी आकड्यांत का असते, हे ओल्या मातीवर बसल्यावर नीट कळते. समोरच्या डबक्यात शेकाटे होते, दोन ठिपकेवाल्या तुताऱ्या शेपूट हलवत काठ मोजत होत्या, टिटवीने आमची दखल घेऊन नेहमीप्रमाणे गाव जागे केले आणि नंतर तीही कंटाळली. मार्गदर्शक दुर्बीण लावतच नव्हता. तो पाणकणसाच्या बुडाशी असलेल्या सावलीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहत होता. बऱ्याच वेळाने त्याने माझ्या कोपराला हात लावला. ‘सर, हलू नका. ते आडवं पडलेलं पातं बघा, त्याच्या उजवीकडं. डोळा दिसतोय.’

डोळाच दिसत होता. त्याभोवती पिवळसर, मागच्या बाजूला निमुळता होत गेलेला डाग, जणू कोणी एका फटकाऱ्यात काजळाऐवजी चंदन ओढले आहे. त्या डोळ्याच्या आधाराने हळूहळू बाकीचा पक्षी सापडत गेला: छातीवरून वर चढून खांद्यामागे वळणारा पांढरट पट्टा, पंखांवरचे सोनेरी गोल ठिपके, टोकाशी किंचित खाली वळलेली चोच. नर होता. सूर्य उसाच्या शेंड्यांवर येईपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि मग, काहीच घडले नाही अशा थाटात, दोन पावले चिखलात आला, ढुंगण वरखाली हलवत थबकला, चोच अर्धी बुडवून डावीकडून उजवीकडे फिरवली आणि पुन्हा थबकला. पाण्यातून चोच वर आली तेव्हा तिच्या टोकाला चिखलाची एक बारीक तार लोंबत होती. टिटवी पुन्हा ओरडली त्या क्षणी तो आहे त्या पवित्र्यात गोठला. मी दुर्बीण खाली घेतली असती तर तो मला परत सापडला नसता, याची खात्री आहे.

या ठिकाणी मार्गदर्शकाचे ज्ञानही कसाला लागले, आणि त्यात तो पूर्ण उतरला. त्याच डबक्याच्या पलीकडच्या काठाला साधा पाणलावा चरत होता आणि दोघांतला फरक त्याने पुस्तकी भाषेत न सांगता पक्षी दाखवून सांगितला. साध्या पाणलाव्याची चोच डोक्याच्या मानाने कितीतरी लांब आणि सरळ, पाठीवर लांबट पिवळसर रेघा, चोच खुपसण्याची गती शिलाई यंत्राच्या सुईसारखी. तो उठला की घोगरा आवाज काढून वेडीवाकडी वळणे घेत दूर जातो. रंगीत पाणलावा उठलाच तर मुकाट्याने उठतो, पाय लोंबते ठेवून जडपणे थोडेसे उडतो आणि जवळच्याच गवतात पडतो. उडणाऱ्या पक्ष्याच्या पाठमोऱ्या छायाचित्रावरून ‘रंगीत’ असल्याचा दावा करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घेतला तर ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदी थोड्या कमी होतील आणि जास्त खऱ्या होतील. मादी दिसावी अशी माझी इच्छा होती. ती दिसली नाही, आणि नर सोडून तिला हुडकायला गवत तुडवण्याचा विषय मार्गदर्शकाने काढलासुद्धा नाही. त्याच्या मानधनातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटला.

कारण सगळेच असे वागत नाहीत. त्याच सकाळी पलीकडच्या काठावर एक मोठा गट आला होता, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी मोबाइलला छोटा स्पीकर जोडून कुठल्याशा पक्ष्याचा आवाज पुनःपुन्हा लावत होता. रेकॉर्ड केलेला आवाज ऐकून पक्षी बाहेर येतो, हे खरे आहे. तो प्रतिस्पर्धी आला असे समजून चरणे सोडून किंवा पिल्ले सोडून बाहेर येतो, हेही तितकेच खरे आहे. मार्गदर्शक ठरवताना ‘आवाज लावता का?’ असे विचारावे, आणि उत्तर ‘हो, हमखास बाहेर काढतो’ असे आले तर दुसरा माणूस शोधावा. पक्षी दिसल्यावर बक्षीस देण्याची पद्धतही मोडायला हवी. बक्षिसाच्या आशेने पक्षी उठवला जातो. ठरलेला दर आधीच बोलून, पक्षी दिसो न दिसो, पूर्ण द्यावा. आणि फक्त पहाटेचे तास नकोत, संध्याकाळचेही हवेत, हे त्यातच ठरवून घ्यावे. माझ्या मते दिवसभराच्या फेरीपेक्षा पहाट आणि संध्याकाळ अशा दोन बैठकांची विभागणी कितीतरी सरस आहे, आणि मधल्या वेळेत मार्गदर्शकालाही त्याच्या शेताकडे पाहता येते.

राहण्या-जेवण्याविषयी थोडक्यात: नाशिक किंवा सिन्नरला राहिले तर पहाटेची वेळ गाठताना धावपळ होते, निफाड त्या मानाने जवळ पडते. गावात आधी सांगून ठेवले की घरगुती जेवण मिळते. बाजरीची भाकरी, पिठले आणि ठेचा. थंडीतून आल्यावर त्या ठेच्याला गुण देणे योग्य होणार नाही, पक्षपात होईल. पाण्याची बाटली आणि पायात चिखलाचे बूट घरून आणावेत. पांढरा किंवा भडक कपडा टाळावा. बांधावर बसायला जाड गोणपाट मिळाले तर उत्तम.

हिवाळ्यात जावे हा सल्ला सगळे देतात, आणि थव्यांसाठी तो बरोबर आहे. रंगीत पाणलाव्यासाठी मला पावसाळ्याचा शेवट अधिक योग्य वाटतो, कारण आपल्याकडे त्यांची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते आणि तेव्हा संध्याकाळी मादी पाणकणसातून रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यासारखा घुमणारा आवाज सारखा काढत राहते. दिवसभर डोळ्यांना न सापडणारा पक्षी त्या तासाभरात कानांना सापडतो. अडचण एकच: त्या दिवसांत वरची धरणे भरलेली असतात, नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग सुरू असतो आणि बंधाऱ्याजवळचा काठ पाण्याखाली जातो. त्यामुळे मुख्य जलाशयाचा नाद सोडून शेतांतली डबकी धरावी लागतात, आणि ती कोणती हे मार्गदर्शकाशिवाय कळणे अवघड आहे. माझ्या मार्गदर्शकाने सप्टेंबरात विसर्ग थांबल्यावर फोन करायला सांगितले आहे आणि मी तो करणार आहे. गाडी मात्र गावातच उभी करून बांधापर्यंत पायी जायचे, असे त्याने बजावले. तिथल्या काळ्या मातीत पावसाळ्यात चाक रुतले तर ते काढायला ट्रॅक्टर आणावा लागतो, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत संध्याकाळ संपलेली असते.